विकतचा दरारा : न्यूयॉर्क रेंजर्सच्या एका उन्हाळ्याचे वाचन

४ मे २०२१ रोजी न्यूयॉर्क रेंजर्स या बर्फावरील हॉकीच्या व्यावसायिक संघाने एक निवेदन प्रसिद्ध केले. आदल्या रात्री वॉशिंग्टन कॅपिटल्सविरुद्धच्या सामन्यात टॉम विल्सन या खेळाडूने जे केले, त्याला त्यात भीषण हिंसाचार म्हटले होते. विल्सन असे प्रकार वारंवार करत आला आहे, याची आठवण दिली होती. त्याच्यावर सामनाबंदी न घालणारे लीगचे खेळाडू-सुरक्षा प्रमुख जॉर्ज पॅरोस यांनी कर्तव्यात कसूर केली असून ते त्या पदाला लायक नाहीत, असेही नाव घेऊन म्हटले होते.

२९ जुलैला याच संघाने रायन रीव्हज हा खेळाडू लास व्हेगासच्या संघाकडून घेतला. रीव्हजची ख्याती गोल करण्याबद्दल नव्हती. रेंजर्सच्या निवेदनाला महिनाही उलटला नव्हता तेव्हा, ३० मेच्या सामन्यात, कोलोरॅडोच्या एका बचावपटूला बर्फावर दाबून धरल्याच्या प्रकारात त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली होती. ती घालणारे खाते पॅरोस यांचेच.

एक निवेदन आणि एक व्यवहार. मी साहित्याची वाचक आहे; हॉकी मी दुरून आणि पडद्यावर पाहिली आहे. पण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, की एखाद्या लेखकाच्या सलग दोन परिच्छेदांत पडावी तशी भेग त्यांत दिसते. पहिल्या परिच्छेदात हिंसा हा गुन्हा आहे आणि तिला कायद्याने आवर घातला पाहिजे. दुसऱ्यात हिंसा ही गुंतवणूक आहे. या दोहोंना जोडणारा शब्द त्या उन्हाळ्यात रेंजर्सविषयीच्या प्रत्येक चर्चेत होता : टफनेस. त्या शब्दात काय काय भरले होते, त्यातले काय विकत मिळते, काय मिळत नाही आणि जे मिळते त्याची किंमत कोण देते, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

१

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचा खेळ वेगळा. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद बर्फाचा चौक, त्याला चहूबाजूंनी लाकडी-प्लास्टिकची कुंपणभिंत, पायांत पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक एका वेळी बर्फावर असतात. चकती ज्याच्यापाशी आहे त्याला अंगाने धडक देणे नियमात बसते. मुद्दाम हातघाईवर येणे बसत नाही. पण त्याची शिक्षा पाच मिनिटे बाहेर बसणे एवढीच आहे. इतर सांघिक खेळांत ठोसा मारणारा त्या दिवसापुरता तरी बाद होतो. इथे तो पाच मिनिटांनी परत येतो. या एका तरतुदीवर एक संपूर्ण धंदा उभा राहिला, त्याला एन्फोर्सर म्हणतात. आपल्या कसबी खेळाडूला कोणी त्रास दिला तर त्याचा हिशेब चुकता करणारा, नेमलेला माणूस.

हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि बाद फेऱ्या धरून जूनपर्यंत चालतो. मधले महिने व्यवहारांचे. करार संपलेले खेळाडू बाजारात येतात, संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात, आणि कधी खेळाडूच्या बदल्यात नवोदितांच्या वार्षिक निवडीतला आपला क्रमांक देतात. या सगळ्यावर एक छत असते. प्रत्येक संघाला पगारावर किती खर्च करता येईल याची मर्यादा ठरलेली. कोविडच्या काळात ती ८ कोटी १५ लाख डॉलरवर गोठवली होती. त्यामुळे इथे कोणतीही खरेदी निव्वळ खरेदी नसते. ती नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी ऐवजी केलेली असते. कवितेत एक शब्द घालायचा तर मात्रा सांभाळण्यासाठी दुसरा काढावा लागतो, तसेच हे. म्हणूनच संघाची उन्हाळी यादी मला वाचण्याजोगी वाटते. संघाला काय हवे होते ते त्याच्या भाषणांपेक्षा त्याने काय वगळले यावरून नेमके कळते.

२

३ मेच्या रात्री झाले ते असे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना सुरू होता. वॉशिंग्टनच्या गोलपाशी झटापट झाली. विल्सनने रेंजर्सच्या पावेल बुचनेविचला, तो बर्फावर पालथा पडलेला असताना, ठोसा मारला. त्याला सोडवायला आर्तेमी पानारिन मध्ये पडला. पानारिन हा संघाचा सर्वांत कसबी खेळाडू, बांध्याने लहान. शिरस्त्राण निघालेल्या अवस्थेत विल्सनने त्याला बर्फावर आपटले. पानारिनचा हंगाम तिथेच संपला. त्याच रात्री सामना हरून रेंजर्स बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी लीगने विल्सनला ५,००० डॉलर दंड केला. करारानुसार त्याहून जास्त दंड करताच येत नव्हता. सामनाबंदी मात्र घालता आली असती. ती घातली नाही.

त्यानंतरचे तीन दिवस नाटकाच्या अंकांसारखे आहेत. ४ मेला ते निवेदन. ५ मेला संघाचे अध्यक्ष जॉन डेव्हिडसन आणि जनरल मॅनेजर जेफ गॉर्टन यांना काढून टाकले गेले आणि दोघांच्या जागी क्रिस ड्रुरी आले. त्याच संध्याकाळी, त्याच बर्फावर, पुन्हा वॉशिंग्टनशी गाठ. चकती खाली पडताक्षणी तीन जोड्या एकाच वेळी भिडल्या. पहिल्या पाच मिनिटांच्या आत सहा मारामाऱ्या झाल्या. ६ मेला लीगने त्या निवेदनाबद्दल रेंजर्सना अडीच लाख डॉलर दंड केला. ठोशाची किंमत पाच हजार आणि शब्दांची अडीच लाख. शब्द या खेळात महागात पडतात, असे तेव्हा कोणाच्याही मनात आले असेल.

५ मेच्या सामन्यातली एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या उन्हाळ्याने ती विसरायचे ठरवले. सुरुवातीला भिडलेले रेंजर्सचे तिघे म्हणजे केव्हिन रूनी, कॉलिन ब्लॅकवेल आणि फिल डी ज्युझेप्पे. विल्सनला स्वतःला आव्हान दिले ते ब्रेंडन स्मिथने. यांतला कोणीही नेमलेला एन्फोर्सर नव्हता. मधल्या-खालच्या फळीतले खेळाडू होते ते. आपल्या माणसासाठी उभे राहणे म्हणजे टफनेस, असा अर्थ घेतला तर तो संघात होता आणि त्याने हजेरीही लावली होती. जुलै संपेपर्यंत या चौघांपैकी फक्त रूनी उरला. ब्लॅकवेलला नव्याने लीगमध्ये येणाऱ्या सिएटलच्या संघाने उचलले. स्मिथ आणि डी ज्युझेप्पे दुसरीकडे गेले. संघाला टफनेस हवा होता, आणि तो ज्यांनी दाखवला ते त्याला लागत नव्हते.

३

टफनेस या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द नाही, हे मला इथे फार उपयोगाचे वाटते. आपल्याकडे या गुणाची वाटणी झालेली आहे. ‘काटक’ म्हणजे अंगाने किरकोळ दिसणारा पण न थकणारा. ‘चिवट’ म्हणजे तुटता तुटत नाही असा. गवतापासून आजारी माणसापर्यंत कशालाही आपण हे विशेषण लावतो. ‘कणखर’ म्हणजे मनाने न वाकणारा. ‘निबर’ म्हणजे सोसून सोसून जाड झालेला. भेंडी निबर होते तेव्हा ती टाकून द्यावी लागते, हा अर्थही त्या शब्दात राहतोच. ‘धटिंगण’ म्हणजे दुसऱ्यावर दांडगाई करणारा. आणि ‘दरारा’ हा तर त्या माणसात नसतोच. तो समोरच्याच्या मनात असतो.

हॉकीच्या बाजारात हे सगळे एकाच शब्दाच्या पिशवीत घालून विकले जाते. गुडघ्याला सूज असताना खेळणारा टफ, फटक्यापुढे अंग घालणारा टफ, कोपऱ्यात तिघांशी झुंजून चकती बाहेर काढणारा टफ, आणि ठोसे मारणाराही टफ. शब्द एक असल्यामुळे एकाची किंमत देऊन दुसरा घरी आणता येतो आणि गिऱ्हाइकाला आपण फसलो हे लवकर कळत नाही. रेंजर्सना मे महिन्यात जाणवलेली उणीव दराऱ्याची होती : आपल्याशी असे वागण्याचे धाडस कोणी करू नये. चाहत्यांशी बोलताना ते चिवटपणाबद्दल बोलत होते. जुलैत त्यांच्या हाती पडले त्यात दोहोंपेक्षा दांडगाई जास्त होती.

दरारा विकत मिळत नाही, याचे कारण त्याच्या व्याकरणात आहे. तो बसतो, निर्माण होतो, राहतो. आपण तो कधी ‘करत’ नाही. विल्सनचा दरारा कुठून आला? तो वॉशिंग्टनच्या पहिल्या फळीत खेळण्याच्या तोडीचा खेळाडू आहे. २०२१-२२च्या हंगामात त्याने २४ गोल केले. तो बर्फावर बराच वेळ असतो, समोरच्या उत्तम खेळाडूंविरुद्ध असतो, म्हणून त्याची भीती वाटते. याउलट नेमलेला एन्फोर्सर साठ मिनिटांच्या सामन्यात सात-आठ मिनिटे खेळतो, तेही चौथ्या फळीत. विल्सन बर्फावर असताना तो बहुधा बाकावर बसलेला असतो. शिवाय १९९२पासून, जो भांडण उकरून काढतो त्याला जादा शिक्षा होते. म्हणजे समोरच्याने नकार दिला की या रखवालदाराचे हत्यारच बोथट होते.

४

आता प्रत्यक्ष यादी पाहू.

१७ जुलैला ड्रुरींनी बार्कली गुड्रोचे हक्क टँपा बे लाइटनिंगकडून घेतले आणि त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला. वर्षाला साधारण ३६ लाख डॉलर. २३ जुलैला पावेल बुचनेविच सेंट लुईसला गेला आणि त्याच्या बदल्यात सॅमी ब्ले हा धडका देण्यासाठी ओळखला जाणारा खेळाडू आणि दुसऱ्या फेरीतली एक निवड मिळाली. २९ जुलैला तिसऱ्या फेरीतल्या निवडीच्या मोबदल्यात रीव्हज आला.

मेमध्ये ज्याच्यावरच्या हल्ल्यामुळे हे सारे सुरू झाले, तोच बुचनेविच जुलैत बाहेर गेला. आधीच्या ५६ सामन्यांच्या छोट्या हंगामात त्याने ५४ सामने खेळून २० गोल आणि २८ साहाय्ये केली होती. ज्याचे रक्षण करायचे त्यालाच देऊन रक्षक आणणे, हा त्या उन्हाळ्याचा गाभा आहे.

ड्रुरींची बाजू नीट मांडली पाहिजे, नाहीतर ही टीका सोपी होईल. बुचनेविचचा करार संपत आला होता. सेंट लुईसने नंतर त्याला चार वर्षांसाठी दरवर्षी ५८ लाख डॉलर दिले. गोठवलेल्या मर्यादेत तेवढे पैसे देणे रेंजर्सना जड गेले असते आणि तरुण खेळाडूंचे करार पुढे उभे होते. गुड्रोची निवडही डोळे झाकून केलेली नव्हती. २०१९च्या हंगामात टँपाने ६२ सामने जिंकूनही पहिल्याच बाद फेरीत कोलंबसकडून चारही सामने गमावले होते. २०२०च्या फेब्रुवारीत त्यांनी ब्लेक कोलमन आणि गुड्रो यांना आणले, यानी गुर्ड याच्याबरोबर त्यांची तिसरी फळी बांधली आणि २०२० व २०२१ असे दोन स्टॅन्ली करंडक जिंकले. यशस्वी वाक्यातला एक शब्द उचलून आपल्या वाक्यात घालावा, तसे ड्रुरींनी केले. पण त्या शब्दाला अर्थ होता तो शेजारच्या दोन शब्दांमुळे आणि वर स्टॅमकोस, कुचेरोव्ह, पॉइंट, हेडमन होते त्यामुळे. टँपाने पायावर तुळई बसवली; रेंजर्सनी पायातला एक दगड काढून तुळई घेतली.

याआधीचा एक कागद इथे आठवतो. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी रेंजर्सनी आपल्या चाहत्यांना खुले पत्र लिहिले होते. जुने, आवडते चेहरे कदाचित जातील, आम्ही वेग, कसब आणि चारित्र्य असणारे तरुण खेळाडू जमवणार आहोत, धीर धरा, असा त्याचा आशय होता. व्यावसायिक संघाने आपल्या प्रेक्षकांकडे वेळ मागावा, ही दुर्मिळ गोष्ट होती. ते पत्र आणि २०२१चे निवेदन यांत तीन वर्षांचे अंतर आहे, पण स्वर दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतके वेगळे. पहिल्यात संघ स्वतःविषयी बोलतो, दुसऱ्यात दुसऱ्यांविषयी. पहिला मजकूर पुढे पाहतो, दुसरा आदल्या रात्रीकडे. २०२१च्या उन्हाळ्याची यादी या दुसऱ्या मजकुराची पुरवणी आहे. तिच्यात पुढच्या हंगामाची आखणी आहे हे खरे, पण तिचा सूर अपमानाचा आहे.

रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’मधल्या कुस्तीवरच्या प्रसिद्ध निबंधात तमाशाच्या कुस्तीचा विचार केला आहे. आपल्या लाल मातीतली नव्हे. जिथे खलनायक आणि नायक आधीच ठरलेले असतात ती. तिथे प्रेक्षकाला कोण जिंकते यापेक्षा यातना, पराभव आणि न्याय डोळ्यांनी दिसणे हवे असते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. बर्फावरची हॉकीही त्यांना परकी नव्हती. १९६१च्या ‘खेळ आणि माणसे’ या अर्थाच्या नावाच्या कॅनडातील माहितीपटाचे निवेदन त्यांनीच लिहिले आणि त्यातल्या पाच खेळांत हॉकी आहे. मला वाटते, रेंजर्सना मेनंतर जे हवे होते ते त्या कुस्तीतले होते : देणे चुकते झालेले सगळ्यांना दिसावे. पण हॉकीच्या फलकावर न्याय मांडायला जागाच नसते. तिथे फक्त गोल मांडतात. १३ ऑक्टोबर २०२१ला नवा हंगाम सुरू झाला, तो नेमका वॉशिंग्टनमध्ये, विल्सनच्या संघाविरुद्ध. रेंजर्स ५-१ असे हरले.

५

तरीही त्या हंगामात रेंजर्सनी ११० गुण मिळवले आणि ते लीगच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोचले. मग उन्हाळा यशस्वीच झाला की, असे म्हणणारे पुष्कळ होते. इथे टीकाकाराने घाई करता कामा नये.

त्या यशाचे धनी कोण? गोलरक्षक इगोर शेस्टरकिनने त्या वर्षी त्याच्याकडे आलेल्या दर हजार फटक्यांपैकी ९३५ अडवले आणि सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना पुरस्कार मिळवला. क्रिस क्रायडरने ५२ गोल केले. ॲडम फॉक्स, पानारिन, मिका झिबानेजाद हे सगळे आधीपासून संघात होते. गुड्रोने आपले काम चोख केले : ३३ गुण आणि भरपूर राबणे. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला आणि तरी त्याच वर्षी तो उपान्त्य फेरीत परतला. हा चिवटपणा मी मोजते. २०२४च्या उपान्त्य फेरीत फ्लोरिडाविरुद्ध जादा वेळेतला विजयी गोलही त्याचाच. पण ब्ले? १४ नोव्हेंबर २०२१ला न्यू जर्सीच्या पी. के. सबानने मागून पाय अडकवल्यामुळे तो पडला आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटून त्याचा हंगाम चौदा सामन्यांत संपला. ज्याला दराऱ्यासाठी आणले तोच असा जायबंदी झाला, आणि त्या वेळी रीव्हज संघाच्या यादीत होता. नेमलेला रखवालदार असला की वाईट वागण्याला आळा बसतो, या सिद्धान्ताची याहून नेमकी परीक्षा कोणी योजून घेतली नसती.

सेंट लुईसमध्ये बुचनेविचने त्या हंगामात ७३ सामन्यांत ३० गोल आणि ४६ साहाय्ये केली. इकडे रेंजर्सच्या वरच्या फळ्यांत जागा रिकाम्या राहिल्या. मार्चमध्ये त्यांना भावी निवडी आणि तरुण खेळाडू देऊन अँड्र्यू कॉप आणि फ्रँक वॅट्रानो यांना आणावे लागले. जुलैत जे विकले तेच मार्चमध्ये चढ्या भावाने परत घेतले. नोव्हेंबर २०२२मध्ये रीव्हज पाचव्या फेरीतल्या एका निवडीवर मिनेसोटाला गेला. फेब्रुवारी २०२३मध्ये ब्ले सेंट लुईसला परत गेला, व्लादिमीर तारासेन्को या गोल करणाऱ्या खेळाडूच्या बदल्यात दिलेल्या गाठोड्यात. रेंजर्ससाठी त्याने एकही गोल केला नव्हता.

जिंकलेल्या संघाचे यश त्याच्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या खात्यावर मांडण्याची सवय जुनी आहे. १९७४ आणि १९७५ला करंडक जिंकणारा फिलाडेल्फिया फ्लायर्स संघ ‘ब्रॉड स्ट्रीटचे गुंड’ याच नावाने लक्षात राहिला. डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५च्या हंगामात ४७२ मिनिटे शिक्षेच्या बाकावर काढली. तो विक्रम अजून मोडलेला नाही. पण त्या दोन्ही वर्षी बाद फेऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो गोलरक्षक बर्नी पॅरेंट, आणि संघाचा कप्तान होता बॉबी क्लार्क, ज्याला तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवले गेले. १९७६च्या अंतिम फेरीत वेगवान माँट्रियालने याच फ्लायर्सना चारही सामन्यांत हरवले. दंतकथेत शुल्ट्झचे ठोसे राहिले, पॅरेंटने अडवलेले फटके विरून गेले. संघ उन्हाळ्यात दंतकथा वाचून खरेदी करतात.

६

इथवरचा हिशेब गोलांचा आणि डॉलरांचा आहे. तेवढाच असता तर मी हा लेख लिहिला नसता. त्याच संघाचा अकरा वर्षे आधीचा एक उन्हाळा या उन्हाळ्याखाली पुसट अक्षरांत लिहिलेला आहे.

१ जुलै २०१० रोजी न्यूयॉर्क रेंजर्सनी डेरेक बुगार्डशी करार केला : चार वर्षे, ६५ लाख डॉलर. सहा फुटांहून कितीतरी उंच, मिनेसोटाच्या संघात पाच हंगाम खेळलेला, आणि एकूण २७७ सामन्यांच्या कारकिर्दीत तीन गोल करणारा खेळाडू. त्याला कशासाठी घेतले याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. पुढच्या काळ्या अंगरख्याची शिवणच तशी होती. ९ डिसेंबर २०१०ला ऑटावात मॅट कार्कनरशी झालेल्या मारामारीत त्याच्या डोक्याला दुखापत झाली. रेंजर्ससाठीचा तो बाविसावा आणि शेवटचा सामना. १३ मे २०११ रोजी मिनियापोलिसमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दारू आणि ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाचे मिश्रण अपघाताने घातक ठरून तो गेला. कुटुंबाने त्याचा मेंदू संशोधनासाठी दिला. वारंवार डोक्याला मार बसणाऱ्यांना जडणारा सी. टी. ई. हा मेंदूचा ऱ्हास त्यात बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांना आढळला. पत्रकार जॉन ब्रँच यांनी त्याच्यावर आधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मालिका आणि मग २०१४मध्ये ‘बॉय ऑन आइस’ हे पुस्तक लिहिले. त्याच २०११च्या ऑगस्टमध्ये रिक रिपियन आणि वेड बेलॅक, मारामाऱ्यांसाठीच ओळखले जाणारे आणखी दोघे, गेले. प्रत्येक मृत्यूची कारणे वेगळी आहेत आणि ती एकाच माळेत ओवणे योग्य नाही. पण बुगार्डच्या बाबतीत एवढे तरी म्हणता येते : संघाने ज्या गुणाला पैसे मोजले, त्या गुणाचा कच्चा माल त्याच्या हातांची हाडे आणि डोके हाच होता.

निबर या शब्दाचा दुसरा अर्थ मी वर सांगितला तो इथे लागू पडतो. ज्या माणसाकडून फक्त मार देण्याची आणि सोसण्याची अपेक्षा आहे, त्याला खेळ बाहेर टाकतो तेव्हा त्याच्यापाशी परतून जायला दुसरे कौशल्य उरलेले नसते. पंच्याहत्तर गुण मिळवणारा खेळाडू जायबंदी झाला की त्याची उणीव भासते. एन्फोर्सर जायबंदी झाला की दुसरा एन्फोर्सर आणतात.

२०२१च्या उन्हाळ्यातली कोणतीही व्यक्ती बुगार्डच्या वाटेने गेली, असे मला सुचवायचे नाही. रीव्हज पुढे टोरंटोत आणि सॅन होजेत खेळला. तो बोलका, लोकप्रिय आणि आपल्या कामाबद्दल डोळस माणूस आहे. माझा आक्षेप संघाच्या भाषेवर आहे. मॅडिसन स्क्वेअर गार्डनला हा इतिहास ठाऊक होता. तरीही मेमध्ये हिंसेचा धिक्कार करणाऱ्या निवेदनात तो कुठे नाही, आणि जुलैतल्या स्वागताच्या मजकुरात तर नसणारच.

७

मग शारीर कणखरपणाला या खेळात जागाच नाही का? आहे, आणि ती मोठी आहे. फ्लोरिडा पँथर्सचा २०२२चा उन्हाळा त्याचे उदाहरण. त्या संघाने हंगामात सर्वाधिक १२२ गुण मिळवले होते आणि दुसऱ्या बाद फेरीत टँपाने त्यांना चारही सामन्यांत हरवले होते. २२ जुलैला त्यांनी ११५ गुण मिळवणारा जोनाथन ह्युबर्डो, मॅकेन्झी वीगर हा भरवशाचा बचावपटू, आणखी एक खेळाडू आणि पहिल्या फेरीतली एक निवड कॅल्गरीला देऊन मॅथ्यू कचकला आणले. कचक अंगावर येणारा, डिवचणारा, प्रसंगी धटिंगणही आहे. पण त्या हंगामात त्याने ४२ गोल केले होते. त्याचा उपद्रव आणि त्याचे कसब एकाच अंगात, एकाच क्षणी बर्फावर असतात. २०२३च्या अंतिम फेरीत छातीचे हाड मोडलेले असताना तो एक सामना खेळला. त्या वर्षी फ्लोरिडा हरले. २०२४ आणि २०२५ला करंडक त्यांचा होता.

कचकचे गुणगान करण्याचा हेतू नाही. त्याने जे सोसले त्याचेही बिल शरीरावर निघतेच, आणि मोडलेल्या हाडांची कौतुके करणाऱ्या खेळाबद्दल माझे मन साशंकच राहते. फरक एवढाच, की फ्लोरिडाने टफनेस नावाचा वेगळा माणूस नेमला नाही. तो गुण खेळात विरघळलेला होता, म्हणून त्याचा भार एकाच्या डोक्यावर आला नाही. रेंजर्सनी मात्र संघाच्या मनातली लाज एका चौथ्या फळीच्या अंगावर चढवली आणि उरलेल्यांना मोकळे केले.

जुलै महिन्यात अशा बातम्या दरवर्षी येतात. संघ बदलतात, शब्द तोच असतो. तो दिसला की मी तीन गोष्टी तपासते. या माणसाला जागा करून देण्यासाठी कोण गेला? संघाला गोलांची गरज असते अशा वेळी, शेवटच्या पाच मिनिटांत, हा बर्फावर असेल का? आणि तीन वर्षांनी त्याचे खांदे, हात आणि डोके दुखत असेल तेव्हा त्याच्यापाशी कोण असेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लीगच्या आकडेवारीत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर शोधायला मृत्युलेखांपर्यंत जावे लागू नये, एवढी जबाबदारी करारावर सही घेणाऱ्या संघाची आहे. हिंसेविरुद्धचे निवेदन काढणाऱ्या संघाची तर नक्कीच.